चार महिन्यांनी मोठा धाकटा

अक्कांनी पिशवीतून फ्रेम काढली, टेबलावर पालथी घातली, त्याच पिशवीतून पकड काढली आणि फ्रेमच्या पाठीतले खिळे एकेक करून उपटायला सुरुवात केली.

"अहो, अहो! हे काय चाललंय?" शिक्केवाली म्हणाली.

"कागद काढतेय. तुम्हीच म्हणालात ना फोनवर, अस्सल कागद आणा म्हणून?"

खिळे गंजलेले होते. एकेक खिळा निघताना असा कण्हत होता की खाली झेरॉक्सच्या रांगेत उभी असलेली माणसं वर कोणाचे दात काढतात की काय म्हणून जिन्याकडे बघायला लागली. तो जिनाही असा अरुंद होता की चढणारा आणि उतरणारा मध्यावर भेटले, तर त्यांची ओळख झाल्याशिवाय सुटका नसे. त्या जिन्यावर जुळलेलं एक लग्न पुढे भाषांतरासाठी वरच आलं होतं, असं म्हणतात.

वर एकच खोली. एक टेबल, एक कपाट, दोन खुर्च्या, एक बाक. टेबलामागे बसणाऱ्या बाईला अख्खी गल्ली शिक्केवाली म्हणायची. परदेशी जाणाऱ्यांचे कागद ती तिकडच्या भाषेत करून द्यायची. तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय या शहरातल्या माणसाचा तिकडे जन्मच होत नसे. लग्न, घटस्फोट, पदव्या, देवीची लस, सगळं तिच्या हातून पुन्हा एकदा व्हायचं, आणि मग वर शिक्का बसायचा. शिक्का पितळेचा होता आणि इतका जड, की खोट्या कामासाठी तो उचलायचं कोणाच्या मनात आलं तरी मनगटाने नकार दिला असता.

तिचा नियम एकच. कागदावर आहे ते सगळं करायचं, नाही ते काही करायचं नाही. चहाचा डाग असेल तर 'येथे डाग' असं ती लिहायची. एकदा एका विवाह-दाखल्यावर डास चिरडलेला होता, तर तिने 'येथे एक डास, मृत' असं लिहिलं आणि तिकडच्या अधिकाऱ्याने नवरा, बायको, डास अशी तिघांची नोंद बिनतक्रार मंजूर केली. तिच्या डोक्यावर भिंतीला पाटी होती : तोंडी सांगितलेले लिहिले जाणार नाही.

"फोटो कोणाचा आहे?" तिने विचारलं.

"आईचा."

"मग सरळ ठेवा ना. काच फुटेल अशाने."

"सरळ ठेवला की ती बघत बसते," अक्का म्हणाल्या. "आणि तिच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही. कचेरीचं काम म्हणजे थोडं इकडचं तिकडे व्हायचंच. तेव्हा तिला राहू दे अशीच."

शेवटचा खिळा निघाला. मागचा पुठ्ठा उचलला, तर आत दोन कागद एकमेकांना पाठ लावून बसलेले. शाळा सोडल्याचे दोन दाखले. एक अक्कांचा, एक त्यांच्या भावाचा.

काम तसं सरळ होतं. अक्कांचा भाऊ ऐन तरुणपणी तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. मूलबाळ नाही. गेल्या वर्षी बायको गेली. डॉक्टरांनी हृदयावर बोट ठेवून विमानाचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. म्हणजे त्याचं इकडे येणं संपलं. इकडे अक्का एकट्या, दोन खोल्यांत, मागच्या खोलीत तर फक्त ऐसपैस शांतता. तिकडच्या सरकारने मात्र एक खिडकी उघडी ठेवली होती : एकट्या नागरिकाला आपलं एक सख्खं भावंड कायमचं बोलावून घेता येत असे. सख्खं, नाहीतर सावत्र. मात्र नातं कागदाने सिद्ध व्हायला हवं. आणि अर्ज घेण्याची मुदत या आठवड्याअखेर संपत होती. पुढे खिडकी कधी उघडेल ते कोणी सांगत नव्हतं. या दोघांच्या वयात 'पुढे' हा शब्द जपूनच वापरायचा.

शिक्केवालीने दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले, वाचले, चष्मा काढला, दुसरा लावला आणि पुन्हा वाचले.

"अक्का, तुमचा भाऊ धाकटा ना?"

"धाकटाच. जग त्याला धाकटाच म्हणतं. त्याची बायकोसुद्धा म्हणायची."

"कागदावर तो तुमच्यापेक्षा मोठा आहे."

"असेल."

"असेल म्हणजे? तो फेब्रुवारीतला, तुम्ही जूनमधल्या. त्याच वर्षीच्या. म्हणजे धाकटा चार महिन्यांनी मोठा आहे."

बाकावर एकजण आपलं ड्रायव्हिंग लायसन तिकडच्या भाषेत करून घ्यायला बसला होता. त्याचं काम किरकोळ होतं, त्यामुळे दुसऱ्यांच्या कामात लक्ष घालायला त्याला भरपूर सवड होती. त्याने बोटांवर मोजायला घेतलं. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत गेला, परत आला, उलटीकडून गेला.

"जमत नाही हो," तो म्हणाला. "एका आईला जमणार नाही."

"तुम्ही तुमचं लायसन बघा."

"बघितलं. त्यात एकच जन्मतारीख आहे."

शिक्केवालीने रकान्यावर बोट ठेवलं. "आईचं नाव दोन्हीकडे तेच आहे."

"मग?" अक्का म्हणाल्या. "दोघांची आई एकच, तर नावं दोन कशी असणार?"

"तेच विचारतेय. आई एक, तर तारखा अशा कशा?"

अक्कांनी खुर्ची पुढे ओढली. गोष्ट सांगायची म्हटली की त्यांना टेबल जवळ लागायचं.

"त्याचं काय झालं, तेव्हा शाळेत वय कागदावर बघत नव्हते, हातावर बघायचे. उजवा हात डोक्यावरून न्यायचा, डाव्या कानाला बोट लागलं की मूल शाळेत. नाही लागलं की घरी. आई आम्हा दोघांना घेऊन गेली. आता धाकट्याचे हात म्हणजे काय सांगू! उभा राहिला की न वाकता गुडघे खाजवायचा. त्याने हात टाकला तो कान ओलांडून हनुवटीला लागला. गुरुजी म्हणाले, याला चौथीत बसवू का? माझा मात्र पोचेना. मी मान तिरकी केली, गुरुजींनी पट्टीने सरळ केली. परत तिरकी केली, परत सरळ केली. शेवटी या धाकट्याने काय केलं, माझा कानच धरून वर ओढला. तेव्हा कुठे बोट टेकलं. हा बघा कान. अजून जरा लांब आहे."

अक्कांनी केस मागे सारून कान दाखवला. बघू नये असं शिक्केवालीला वाटत होतं, तरी तिने बघितलं. कान खरंच जरासा लांब होता.

"आणि तारखा?"

"तारखा आईने सांगितल्या. गुरुजींनी टाक खाली ठेवला. म्हणाले, बाई, दोघांत चारच महिने? आई म्हणाली, गुरुजी, तुम्ही हात मोजा, महिने माझ्यावर सोडा."

लायसनवाला एवढ्या जोरात हसला की बाक हलला.

"आणि गुरुजींनी लिहिलं तसं?"

"तुम्ही आईला बघितलं नाही म्हणून विचारताय."

शिक्केवालीने मान वर न करता बोट वर केलं आणि पाटी दाखवली. "हे असलं काही मला लिहिता यायचं नाही. अधिकारी हे दोन कागद बघेल आणि अर्ज बाजूला टाकेल. दोन तारखांतली एक चुकीची आहे, आणि ती का चुकली, असं लेखी स्पष्टीकरण लागेल. कुठली चुकलीय?"

"धाकट्यालाच विचारा," म्हणत अक्कांनी फोन लावला आणि टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

धाकटा तिकडून ओरडूनच बोलायचा. अंतराप्रमाणे आवाज लागतो अशी त्याची समजूत होती.

"बाई, त्याचं असं आहे," सगळं ऐकून तो म्हणाला, "अक्का पोटात माझ्या आधीपासून होती. पण उठायचं नाव नाही! मी मागून आलो, म्हटलं, अगं सरक, आणि पुढे निघून आलो. ही चार महिने मागून आली, जांभया देत. जन्माची आळशी."

"आळशी कोणाला म्हणतोस रे? तुझं दप्तर कोण उचलायचं?"

"मोठ्यांचं दप्तर लहानांनी उचलायचं असतं."

"बघा! कागद मिळाला की लगेच मोठा झाला!"

"चार महिने का होईना, मोठा आहे मी. नमस्कार कर."

"इकडे ये, मग कान दाखवते."

"तूच ये. म्हणून तर चाललंय ना हे सगळं?"

तेवढ्यात शिक्केवालीने संधी साधली. "तुमच्यापैकी कोणाची तारीख खरी आहे, एवढं मला सांगा."

"दोघांची," धाकटा म्हणाला.

"दोघांची," अक्का म्हणाल्या.

शिक्केवालीने कोऱ्या कागदावर दोन टिंबं काढली, त्यांच्यामध्ये रेघ काढली, तिच्यावर 'चार' लिहिलं, आणि त्याकडे ती अशी बघत राहिली जणू तो आकडा आपणहून उठून नऊ होणार होता.

लायसनवाल्याला राहवलं नाही. "अहो, सोपं आहे. सावत्रसुद्धा चालतं ना तिकडे? मग सावत्र लिहून टाका. वडिलांची दोन लग्नं. एकाच्या आईचं नाव चुकून पडलंय म्हणायचं. संपला विषय!"

शिक्केवालीला मानावं लागलं की तोडगा बरा होता. "होय, तसं करता येईल. आईच्या रकान्यातलं एक नाव चुकीचं आहे, एवढंच लिहून द्यायचं."

"नको," अक्का म्हणाल्या.

"नको," फोनमधून आलं.

दोन देशांतून एकच शब्द एकाच क्षणी आला, आणि या वेळी धाकटा ओरडला नव्हता. अक्कांचा हात पालथ्या फ्रेमवर गेला होता. मग धाकटा म्हणाला की लाइन खराब आहे, नीट ऐकू येत नाही. लाइन इतकी स्वच्छ होती की त्याच्या मागे नळ गळत होता तोसुद्धा ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी अक्का स्पष्टीकरणं घेऊन आल्या. एक नाही, तीन. फ्रेम आता नाडीने बांधलेली होती. त्यांनी ती पिशवीतून काढली, पालथी ठेवली आणि मग सुरुवात केली.

पहिलं असं की शाळेत दिनदर्शिका गेल्या वर्षीची टांगलेली होती, तिच्यात फेब्रुवारी संपायलाच तयार नव्हता. दुसरं असं की दाखले लिहिणारा कारकून दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन दाखले लिहायचा, त्यात उजव्या हाताचा महिना डाव्या हाताकडे गेला. तिसऱ्यात पूर आला होता. शाळेचे सगळे कागद वाहून गेले, गावाबाहेर झाडावर वाळत घातले आणि सुकल्यावर ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याचं.

"यातलं खरं कुठलं?"

"तुम्हाला आवडेल ते घ्या. मला पुराचं बरं वाटतं. पुराला कोणी पुरावा मागत नाही."

"अक्का, मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय?" अक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच चेष्टेचं नाव नव्हतं. "मागची खोली मी आवरून ठेवली, बाई. भांडी देऊन टाकली. तो तिकडे दोन माणसांचं रांधतो आणि उरलेलं टाकतो. आता सांगा, कुठली गोष्ट लिहिली की ते लोक हो म्हणतील? तशी सांगते."

शिक्केवालीने पुन्हा टिंबं काढली. अक्कांची तारीख चुकली म्हणावं तर पासपोर्टवर तीच. धाकट्याची चुकली म्हणावं तर त्याचं तिकडचं नागरिकत्व, पेन्शन, घराचा करार, सगळं त्या फेब्रुवारीवर उभं. तो खिळा काढला की अख्खा माणूस खाली यायचा. दोन्ही बरोबर म्हणावं तर निसर्ग चुकीचा. संध्याकाळी बसमध्ये उभ्या उभ्या ती हाच हिशेब करत होती. उतरायचा थांबा कधी गेला ते तिला कळलं नाही. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने खांद्याला हात लावला तेव्हा ती त्याला म्हणाली, "पण आई एकच आहे," आणि तो बिचारा म्हणाला, "हो ताई, सगळ्यांचंच तसं असतं."

तिसऱ्या दिवशी तिने खोली उघडली, तोच फोन वाजला. धाकटा होता. आज तो अगदी हळू बोलत होता, जणू शेजारच्याच खोलीत होता.

"अक्का आली का?"

"नाही अजून."

"मग बोलतो. ते आईच्या रकान्याचं परवा निघालं ना, ते तिच्यासमोर पुन्हा काढू नका."

"मला फक्त चार महिन्यांचा हिशेब लावायचाय हो."

"तो लागायचा नाही."

तिकडे नळ गळत होता.

"मला एक दार आठवतं," धाकटा म्हणाला. "आमच्या शेजारच्या खोलीचं. कुलूप लावलेलं. त्या दारापुढे मी उभा आहे. कधीपासून ते आठवत नाही, पण पाय दुखत होते. माझ्या घरचं कोणी ते कुलूप उघडायला परत आलं नाही. आणि अक्का, तेव्हा कुठली अक्का, माझ्याएवढीच चिमुरडी ती, माझा हात ओढतेय. म्हणते, चल, आई जेवायला बोलावतेय. 'माझी आई' नाही म्हणाली. 'आई' म्हणाली. तिथून मी धाकटा. घरात मागून आलो ना." तो जरासा हसला. "तिला वाटतं मी फार लहान होतो, मला काही आठवत नाही. वाटू दे. म्हणून सांगितलं. बाकी तुमचं काम तुम्ही करा."

फोन ठेवल्यावर शिक्केवालीने टिंबांचा कागद पुढे ओढला. हिशेब लागला होता. तारखा दोन्ही खऱ्या होत्या, निसर्गही बरोबर होता. आणि हिशेब लागला म्हणून अर्ज बुडाला होता. सख्खं नाही, सावत्रही नाही. रक्ताचा थेंबभरही संबंध नाही. आणि भाषांतराच्या तळाशी तिची सही असायची, 'पूर्ण आणि अचूक' या दोन शब्दांखाली. कालपर्यंत तिला कळत नव्हतं म्हणून ती गोंधळलेली होती. आज कळलं होतं आणि गोंधळ दुप्पट झाला होता. तिने शिक्का उचलून बघितला. नेहमीपेक्षा जड लागला.

जिन्यावर पावलं वाजली. अक्का धापा टाकत आल्या, खुर्चीत बसल्या, फ्रेम काढून पालथी ठेवली.

"आज चौथं आणलंय," त्या म्हणाल्या. "यात आग लागते."

"आग नको," शिक्केवाली म्हणाली. "पहिलीच गोष्ट सांगा. गुरुजींची."

"ती तर तुम्हाला पटली नव्हती."

"परत सांगा. मी लिहून घेते. तुमचं निवेदन म्हणून तुमच्या शब्दांत लिहीन आणि त्याचं भाषांतर करीन. कागदावर आलं की ते माझ्या कामात बसतं."

अक्कांनी पाटीकडे बघितलं. शिक्केवालीनेही बघितलं. मग ती उठली, खुर्चीवर चढली, पाटी भिंतीवरून काढली आणि कपाटामागे सरकवली.

"फक्त एक," ती खाली उतरत म्हणाली. "फोटो सरळ ठेवा."

"कशाला?"

"ठेवा."

अक्कांनी नाडी सोडली, फ्रेम उचलली, पदराने काच पुसली आणि शाईच्या बाटलीला टेकवून उभी केली. फोटोतली बाई फार काही देखणी नव्हती. फोटोवाल्याने हसा म्हटल्यावर हसायचं काही कारण सांगा म्हणून त्याच्याकडे बघत असावी, अशी दिसत होती.

अक्का बोलायला लागल्या. आज खुर्ची पुढे ओढली नाही. गोष्ट तीच होती, पण बारीक झाली होती. धाकटा गुडघे खाजवत नव्हता. हात हनुवटीपर्यंत गेला नाही, कानापर्यंतच गेला. चौथीत बसवायचं कोणी बोललं नाही. मान तिरकी केली होती, एकदाच.

"कान?" शिक्केवालीने विचारलं.

"ओढला होता," फोटोकडे बघत अक्का म्हणाल्या. "ते खरं आहे."

"आणि गुरुजी?"

"गुरुजी म्हणाले, बाई, दोघांत चारच महिने? आई म्हणाली, तुम्ही हात मोजा, महिने माझ्यावर सोडा. तेव्हा ती माझा हात धरून उभी होती, दुसऱ्या हाताला धाकटा. नावं लिहून होईपर्यंत तिने एकाचाही हात सोडला नाही, बाई. घरी आल्यावर ती पाणी प्यायली आणि भांड्यांना लागली."

शिक्केवालीने एकही शब्द न गाळता लिहिलं. तिकडच्या भाषेत ते जरा विचित्र दिसत होतं. त्या काळी शाळेत मुलांचं वय हाताने मोजत. आईने सांगितलेल्या तारखांवर गुरुजींनी शंका घेतली, तरी त्या तशाच लिहिल्या. अधिकारी हे वाचून मान हलवेल, म्हणेल, बरोबर, जिथे वय हाताने मोजतात तिथे तारखांचा काय भरवसा. आणि पुढच्या अर्जाकडे वळेल. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"आता शेवटी एक प्रश्न विचारायचा असतो," ती म्हणाली. "नियमाने विचारावाच लागतो. उत्तर तुमचं, मी फक्त लिहिणार."

"विचारा."

"तुमची दोघांची आई एकच?"

अक्कांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या फोटोकडे बघत होत्या आणि फोटो त्यांच्याकडे. खाली झेरॉक्सचं यंत्र थांबलं, सुरू झालं, परत थांबलं.

"हो," अक्का म्हणाल्या. "एकच."

शिक्केवालीने तेही लिहिलं, खाली अक्कांची सही घेतली आणि आपली केली. शिक्का उचलला, शाईवर टेकवला आणि मारला. मनगटाने काही कुरकुर केली नाही.

"धाकट्याला मात्र सांगू नका, हे असं सगळं सांगावं लागलं म्हणून," अक्का कागद पुन्हा पाठीला पाठ लावून ठेवत म्हणाल्या. "तो फार लहान होता तेव्हा. त्याला काही आठवत नाही."

शिक्केवालीने शाईच्या बाटलीचं झाकण लावलं. ते आधीच लागलेलं होतं.

"खिळे आणलेत का?" तिने विचारलं.

"तेच आहेत, सरळ करून आणलेत. पण हातोडी कुठाय?"

खोलीत हातोडी नव्हती. शिक्केवालीने इकडे तिकडे बघितलं, मग पितळेचा शिक्का उलटा धरून अक्कांपुढे केला. अक्कांनी फ्रेमच्या पाठीवर असे काही घाव घातले की खालचे लोक या वेळी जिन्याकडे बघायच्याऐवजी आपापल्या दातांना हात लावून बसले. शेवटच्या घावाला शिक्का खिळ्यावरून सटकला आणि त्याच्या कडेचा टवका उडाला.

तेव्हापासून शिक्केवालीच्या प्रत्येक शिक्क्याचं वर्तुळ एका जागी तुटकं उमटायचं. लायसनवाल्याच्या लायसनवर पहिल्यांदा उमटलं, तेव्हा त्याने तक्रार केली. ती म्हणाली, "वाचता येतंय ना? मग झालं." तिकडच्या कचेरीत म्हणे तो टवका अस्सलपणाची खूण मानतात आणि वर्तुळ पूर्ण असलं की कागद परत पाठवतात.

मध्ये बरेच दिवस गेले. एका दुपारी फोन वाजला. नंबर लांबलचक होता.

"पोरी, माझी पकड तुझ्याकडेच राहिली बघ," अक्का म्हणाल्या.

"आहे कपाटात. पाठवू?"

"नको, नको. याने घेतली इथे नवी." मागे कोणीतरी भिंतीवर ठोकत होतं. "आईला टांगतोय. अरे, वर! अजून वर! हात पोचत नाही म्हणतो. एवढे लांब हात घेऊन!"

"स्टूल दे म्हणतोय मी केव्हाचा!" मागून धाकटा ओरडला. आता अंतर नव्हतं, तरी ओरडला. "मोठ्या माणसाला असं ताटकळत ठेवतात का?"

"ऐकलंस ना? रोज ऐकवतो. थांब हं, स्टूल देते त्याला."

फोन चालूच राहिला. स्टूल ओढल्याचा आवाज आला, भांडण आलं, पुन्हा ठोकणं आलं. शिक्केवाली डाव्या कानाला फोन लावून ऐकत बसली होती. बाकावरचं नवं गिऱ्हाईक आपल्याकडे असं का बघतंय ते तिला कळेना. मग लक्षात आलं, तिचा उजवा हात केव्हाच डोक्यावरून पलीकडे गेला होता, आणि बोटं कानाशी, फोनच्या कडेला टेकली होती.